सुईवाचून निदान : चित्र काय सांगते, काय सांगत नाही

गेल्या काही वर्षांत आरोग्यविषयक पानांवर एका अर्थाचे मथळे पुन्हा पुन्हा दिसतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आता सुई टोचण्याची गरज उरली नाही. नुसते चित्र काढले की रोग किती आक्रमक आहे ते कळते. अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर आहे. बातमीच्या खाली यंत्राचे छायाचित्र असते. बहुतेक वाचक तेवढे वाचून पुढे जातात. पुढे जाता येत नाही ते ज्याच्या हातात तपासणीचा कागद आला आहे त्याला.

पारशिवनीसारख्या तालुक्यात हा कागद बऱ्याचदा शाळेतल्या गुरुजींपुढे येतो. गावातला सत्तरीचा माणूस नागपूरला जाऊन तपासणी करून आलेला असतो. कागद इंग्रजीत असतो, डॉक्टरांनी दोन मिनिटांत काही सांगितलेले असते, आणि ‘चार’ हा आकडा घरातल्या सगळ्यांच्या मनात बसलेला असतो. शिक्षकाने डॉक्टर होऊ नये हे खरे. पण आकडा कशाचा आहे आणि दावा कशाच्या जोरावर केला आहे, हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याचे ते रोजचेच काम आहे. म्हणून या दाव्याची आपण एखाद्या प्रयोगाच्या वहीसारखी तपासणी करू.

शब्दांचा घोटाळा

सुरुवात भाषेपासूनच करावी लागते. ज्या तपासणीत शरीरात काही खुपसावे लागत नाही तिला मराठीत काही जण ‘अनाक्रमक तपासणी’ म्हणतात. आणि जो कर्करोग झपाट्याने वाढतो, पसरतो, त्यालाही ‘आक्रमक’ म्हणतात. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत आल्यावर दोघांच्या अंगावर एकच कपडा चढला आणि ‘आक्रमक रोगाची अनाक्रमक तपासणी’ असे वाक्य तयार झाले. वाचणाऱ्याला वाटते, तपासणी अनाक्रमक म्हणजे निरुपद्रवी, आणि रोग अनाक्रमक म्हणजे जणू रोगच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. या लेखात पहिल्यासाठी ‘सुईवाचून तपासणी’ आणि दुसऱ्यासाठी ‘पसरणारा रोग’ असे साधे शब्द वापरू.

मुळात प्रश्न कोणता?

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते आणि तिच्या मधून मूत्रनलिका जाते. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते, आणि लघवीला त्रास होऊ लागतो. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पी.एस.ए. नावाचे एक प्रथिन ही ग्रंथी तयार करते. ते रक्तात जास्त आढळले तर शंका घेतात. पण साध्या वाढीने, ग्रंथीच्या दाहानेही ते वाढते. म्हणून पी.एस.ए. ही घंटा आहे. घंटा कोणी वाजवली ते ती सांगत नाही.

आता अडचणीची गोष्ट. अन्य कारणांनी मरण पावलेल्या वृद्ध पुरुषांची शवचिकित्सा केली तर ऐंशीच्या पुढच्या साधारण निम्म्या जणांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडतात. ते त्या रोगाने मेले नाहीत. अनेकांना तो आहे हे माहीतही नव्हते. म्हणजे हा रोग दोन रूपांत भेटतो. एक रूप वर्षानुवर्षे जागच्या जागी पडून राहणारे, दुसरे हाडांपर्यंत पोहोचून जीव घेणारे. पहिल्याला हात लावला तर माणसाचे नुकसान होते, दुसऱ्याला सोडून दिले तर माणूस जातो.

नुकसान म्हणजे काय तेही स्पष्ट सांगायला हवे. शस्त्रक्रियेनंतर काहींना लघवीवर ताबा राहत नाही आणि लैंगिक क्षमता कमी होते. किरणोपचारानंतर आतड्यांचा त्रास होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या, रोग ग्रंथीपुरताच असलेल्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत विभागून एक मोठी चाचणी झाली. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तिसऱ्यावर नुसते लक्ष. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत तिन्ही गटांतले सुमारे ९७ टक्के लोक प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेलेले नव्हते. मात्र नुसते लक्ष ठेवलेल्या गटात रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण ९.४ टक्के होते; इतर दोन गटांत ते पाच टक्क्यांच्या आसपास होते. बहुतेकांना घाई नव्हती, पण थोड्यांना होती. ते थोडे कोण, हे आधी ओळखता येईल का? चित्राकडून आपल्याला या प्रश्नाचे उत्तर हवे आहे.

सुईची परीक्षा आणि तिची मर्यादा

आजवर हे उत्तर सुईने दिले. ग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा बारीक तुकडे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, म्हणजे बायोप्सी. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली या तुकड्यांना गुण देण्याची पद्धत मांडली. पेशींची रचना मूळ ग्रंथीसारखी किती राहिली आहे ते पाहून १ ते ५ असे प्रकार ठरवायचे. जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि जो त्याखालोखाल दिसतो, त्या दोघांची बेरीज म्हणजे ग्लीसन गुण. आज व्यवहारात ही बेरीज ६ ते १० येते.

गणिताच्या शिक्षकांनी इथे थांबावे. तीन अधिक चार सात, आणि चार अधिक तीनही सात. पण रोगाच्या दृष्टीने हे दोन सात वेगळे आहेत. दुसऱ्यात वाईट प्रकार जास्त आहे. बेरीज केली की माहिती हरवते, याचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळेल. हीच अडचण ओळखून तज्ज्ञांनी २०१४ साली पाच गट केले आणि दोन्ही सातांना वेगळे गट दिले.

सुईची मोठी मर्यादा वेगळीच आहे. ती आंधळी असते. ध्वनिलहरींच्या यंत्राने ग्रंथी दिसते, पण रोगाची जागा बहुधा दिसत नाही. म्हणून ठरावीक अंतराने सुया मारायच्या. आपल्या शेतात पाण्यासाठी बोअर मारतात, त्याची आठवण ठेवा. जमिनीची पाहणी न करता बारा बोअर मारले तर एखादा कोरडा जाईल, एखादा झऱ्याच्या वीतभर बाजूने जाईल, आणि जिथे दोन बादल्या पाणी लागले तेवढ्यावरून सगळ्या शेताचा अंदाज बांधला जाईल. आंधळ्या सुईचेही तेच होते. मोठा रोग हुकतो, क्षुल्लक रोग हाती लागतो. क्षुल्लक रोग एकदा कागदावर आला की तो माणूस ‘कर्करोगाचा रुग्ण’ होतो, आणि घरातली झोप उडते. त्यातच सुईमुळे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

तेव्हा सुईवाचून काही कळावे ही इच्छा रास्त आहे. टीका इच्छेवर नाही, तिच्या नावाने केलेल्या दाव्यावर आहे.

चित्रात खरोखर काय दिसते?

एम.आर.आय. यंत्र शरीरातल्या पाण्यामधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून संदेश घेते. त्यासाठी वापरले जाणारे चुंबकीय क्षेत्र बरेचदा ३ टेस्ला असते. आपल्या भागात पृथ्वीचे जे चुंबकीय क्षेत्र होकायंत्राची सुई वळवते, त्याच्या सुमारे सत्तर हजार पट. यात क्ष-किरण नाहीत. म्हणून किरणोत्साराची भीती नाही. पण हृदयात जुना पेसमेकर असलेल्याने किंवा शरीरात लोहाचा तुकडा असलेल्याने ते सांगितलेच पाहिजे. शिवाय तपासणीत बहुधा शिरेतून गॅडोलिनियमचे द्रव्य देतात. मूत्रपिंड फारच निकामी झालेल्यांना ते देताना काळजी घ्यावी लागते. ‘काहीच खुपसत नाहीत’ हे विधान म्हणूनच पूर्ण खरे नाही.

प्रोस्टेटसाठी तीन प्रकारची चित्रे काढतात. पहिल्यात निरोगी बाह्य भाग उजळ दिसतो, कारण तिथल्या बारीक पोकळ्यांत द्रव असतो. कर्करोगात पेशींची दाटी होऊन पोकळ्या बुजतात आणि डाग काळसर दिसतो. दाह झाला तरी काळसर दिसतो. आधी सुई मारल्यामुळे रक्त साचले असले तरी काळसर दिसतो.

दुसरे चित्र सर्वांत महत्त्वाचे. त्यात पाण्याचे रेणू किती मोकळेपणे फिरतात ते मोजतात. रिकाम्या मैदानात सोडलेला मुलगा एका मिनिटात केवढा लांब जाईल, आणि आठवडी बाजारात सोडला तर किती? बाजारात तो पाच-दहा पावलांवर अडकेल. तसेच पेशी दाटीने उभ्या असतील तर पाण्याचा रेणू फार दूर जाऊ शकत नाही. या अडखळण्याचे मोजमाप करता येते, आणि सरासरीने पाहता ग्लीसन गुण जितका जास्त तितके रेणूंचे फिरणे कमी, असे आढळले आहे. ‘चित्रावरून रोग किती पसरणारा आहे ते कळते’ या दाव्याचा पाया हा आहे.

पाया खरा आहे, पण तो सरासरीचा आहे. गटांच्या सरासऱ्या वेगळ्या असल्या तरी त्यांतल्या माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. आठवी आणि नववीच्या मुलांच्या उंचीची सरासरी काढली तर नववीची जास्त येईल. म्हणून एखाद्या मुलाची उंची पाहून त्याची इयत्ता सांगता येईल का? आणि दुसरे असे की, चित्र गर्दी मोजते. गर्दी रामटेकच्या जत्रेची आहे की दंगलीची, हे नुसत्या दाटीवरून कळत नाही. अंदाज करता येतो, आणि तो पुष्कळदा बरोबर येतो. पण तो अंदाजच असतो.

तिसऱ्या चित्रात शिरेतून दिलेले द्रव्य कोणत्या भागात लवकर पोहोचते ते पाहतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, बारा देशांतील ४९० पुरुषांवरच्या अभ्यासात हे तिसरे चित्र वगळूनही महत्त्वाचा रोग सापडण्याचे प्रमाण तेवढेच, म्हणजे २९ टक्के राहिले. चित्रे चांगल्या दर्जाची असतील तर द्रव्याचा खर्च आणि वेळ वाचू शकतो. खेड्यातून येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी बातमी आहे, पण मथळ्यांत ती फारशी दिसली नाही.

नव्वद टक्के कशाचे?

आता मुख्य आकड्याकडे येऊ. ‘अचूकता ९३ टक्के’ हा आकडा २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासातला आहे. अभ्यास उत्तम आहे. ५७६ पुरुषांची आधी एम.आर.आय. झाली. नंतर त्याच प्रत्येकाची नेहमीची आंधळी बायोप्सी झाली, आणि पडताळ्यासाठी भूल देऊन दर ५ मिलिमीटरवर सुया मारून सगळी ग्रंथी तपासली गेली. अशी कडक तपासणी फार थोड्या चाचण्यांना लाभते.

यात २३० जणांना महत्त्वाचा रोग होता, ३४६ जणांना नव्हता. एम.आर.आय.ने २३० पैकी सुमारे २१३ जणांवर बोट ठेवले. हे ९३ टक्के. आंधळ्या बायोप्सीने सुमारे ११० जणच ओळखले, म्हणजे ४८ टक्के. इथवर चित्राचा विजय मोठा आहे, तो मोकळेपणाने मान्य करावा.

पण राहिलेल्या ३४६ जणांचे काय? त्यांतल्या सुमारे १४२ जणांनाच चित्राने ‘काळजी नाही’ असे सांगितले. हे ४१ टक्के. उरलेल्या २०४ जणांवर विनाकारण संशय घेतला. म्हणजे संशयित ठरलेले एकूण ४१७, आणि त्यांत खरे २१३. चित्राने बोट ठेवलेल्या दोन माणसांपैकी एकच खरा. ही गोष्ट मथळ्यात येत नाही. आंधळी बायोप्सी निम्मा रोग हुकवते, पण तिने महत्त्वाचा रोग आहे म्हटले तर ते बहुधा खरे असते.

दुसरा प्रश्न, ‘महत्त्वाचा रोग’ म्हणजे कोणता? या अभ्यासात ग्लीसन चार अधिक तीन किंवा त्याहून वाईट, अथवा तुकड्यात ६ मिलिमीटर किंवा जास्त लांबीचा रोग, अशी व्याख्या घेतली होती. व्याख्या सैल करून तीन अधिक चारही त्यात धरला तर ९३ चे ८८ होतात. यंत्र तेच, माणसे तीच, आकडा बदलला. फुटपट्टी कुठे ठेवली ते न सांगता लांबी सांगणाऱ्याला आपण वर्गात गुण देत नाही.

तिसरा मुद्दा अधिक खोल आहे. चित्राचा पडताळा कशाशी घेतला? सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याशी. म्हणजे एका चित्राची परीक्षा दुसऱ्या चित्राने. ग्लीसन गुणही माणूस डोळ्यांनी पाहूनच देतो, आणि दोन तज्ज्ञांचे गुण वेगळे पडू शकतात. रोग खरोखर पसरणारा होता का, याचे अंतिम उत्तर दहा-पंधरा वर्षांनी मिळते.

तेच यंत्र, दुसरे गाव

आता एक काल्पनिक हिशोब करू. समजा पारशिवनी तालुक्यात शिबिर घेतले आणि साठीच्या पुढच्या १,००० पुरुषांची, कोणताही त्रास नसताना, सरसकट एम.आर.आय. केली. हिशोबापुरते धरू की त्यांत ५० जणांना महत्त्वाचा रोग आहे. यंत्राची क्षमता वरच्याएवढीच धरली, तर ५० पैकी सुमारे ४७ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी ३९० जणांना ‘काळजी नाही’ असे सांगितले जाईल, आणि ५६० जणांवर खोटा संशय येईल. संशयित ६०७, खरे ४७. शंभरात आठ. ब्रिटनमध्ये दोनात एक खरा होता, इथे बारा-तेरांत एक. यंत्र बिघडलेले नाही, गाव बदलले आहे. ब्रिटिश अभ्यासातले लोक आधीच संशयित होते; आपल्या शिबिरातले लोक सरसकट आहेत. प्रत्यक्षात यंत्राची क्षमताही लोकांप्रमाणे थोडी बदलेल, पण हिशोबाची दिशा हीच राहील.

गाव बदलले की रोगाचे प्रमाण बदलते, याला आपल्या राज्यात पुरावा आहे. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी होते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे नोंदलेले प्रमाण बार्शीच्या भागात मुंबईपेक्षा पुष्कळ कमी आहे. त्यात खेड्यात तपासण्याच कमी होतात, हाही भाग असणार. तरीसुद्धा मुंबईच्या किंवा लंडनच्या रुग्णालयातली टक्केवारी जशीच्या तशी पारशिवनीला लावता येत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

तीन वेगळे ‘चार’

कागदावरच्या ‘चार’ या आकड्याकडे आता वळू. एम.आर.आय.च्या अहवालात पाय-रॅड्स नावाची श्रेणी असते, १ ते ५. तिची पहिली आवृत्ती २०१२ साली आली, नंतर २०१५ आणि २०१९ मध्ये सुधारणा झाल्या. ही श्रेणी ‘महत्त्वाचा रोग असण्याची शंका किती’ एवढेच सांगते. ग्लीसनचे प्रकार १ ते ५ असतात. २०१४ चे गटही १ ते ५ असतात. तिन्ही मोजपट्ट्या एकाच रोगाच्या आणि तिन्हींचे आकडे सारखे! पाय-रॅड्सचा ‘चार’ म्हणजे शंका बरीच. गटाचा ‘चार’ म्हणजे सिद्ध झालेला वाईट रोग. पहिल्या ‘चार’च्या माणसाला कधी कर्करोगच नसतो. तज्ज्ञांनी ही नावे ठेवताना रुग्णाचा विचार केला नाही, असे म्हणावेच लागते.

आणखी एक. बाह्य भागातल्या डागासाठी पाय-रॅड्स ‘चार’ आणि ‘पाच’ यांत फरक मुख्यतः आकाराचा असतो. डाग दीड सेंटिमीटर किंवा मोठा असेल, अथवा ग्रंथीबाहेर गेलेला दिसत असेल, तर पाच. म्हणजे ‘चारवरून पाच’ हा पसरण्याच्या वेगाचा मापक नव्हे.

ही श्रेणी देतो माणूस, आणि माणसागणिक ती बदलते. सव्वीस केंद्रांच्या २०२० मधील पाहणीत, ‘तीन किंवा जास्त’ श्रेणी दिलेल्यांत महत्त्वाचा रोग निघण्याचे प्रमाण सरासरी सुमारे ३५ टक्के होते, आणि केंद्राकेंद्रांत त्यात मोठा फरक होता. ती सगळी केंद्रे प्रोस्टेटचे काम नियमित करणारी होती. पारशिवनीहून चांगल्या यंत्रासाठी नागपूरकडे पाहावे लागते, तसे अनुभवी वाचकासाठीही पाहावे लागते. यंत्र विकत आणता येते. शेकडो चित्रे बायोप्सीशी ताडून तयार झालेला डोळा मात्र वर्षे गेल्यावर मिळतो. यंत्राच्या उद्घाटनाची बातमी येते, डोळ्याच्या तयारीची येत नाही.

मग चित्राचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे, पण वेगळा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा देशांतील ५०० पुरुषांवरच्या चाचणीत एका गटाची नेहमीची बायोप्सी झाली. दुसऱ्या गटाचे आधी चित्र काढले आणि डाग दिसला तरच, त्या डागावरच सुई मारली. दुसऱ्या गटात २८ टक्के लोकांना सुई लागलीच नाही. महत्त्वाचा रोग मात्र जास्त सापडला, २६ ऐवजी ३८ टक्के. आणि क्षुल्लक रोग कमी सापडला, २२ ऐवजी ९ टक्के. शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेवढी माणसे विनाकारण ‘रुग्ण’ होण्यापासून वाचली.

शेताच्या भाषेत सांगायचे तर, जमिनीची पाहणी करून मग बोअर मारला. पाहणीने बोअरची गरज संपली नाही, तो कुठे मारायचा आणि मारायचा की नाही, हे ठरले. ‘सुईऐवजी चित्र’ हा दावा पुराव्याच्या पुढे धावतो. ‘सुईआधी चित्र’ हा दावा पुराव्यावर उभा आहे.

नवी चित्रे, जुने प्रश्न

पसरण्याची क्षमता अधिक थेट दाखवू पाहणाऱ्या दोन पद्धतींचा उल्लेख करायला हवा. पहिलीत प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर जास्त प्रमाणात आढळणाऱ्या पी.एस.एम.ए. नावाच्या प्रथिनाला चिकटणारे द्रव्य देतात. त्याला गॅलियम-६८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो आणि पेट यंत्राने तो शरीरात कुठे जमला ते पाहतात. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल ६८ मिनिटे. मुंबईत तयार करून रेल्वेने नागपूरला पाठवला तर वाटेतच जवळजवळ संपेल. म्हणून जर्मेनियम-६८ पासून तो जागेवर मिळवतात. जास्त वाईट रोगात हे प्रथिन साधारणपणे जास्त असते, पण काही रोगांत ते जवळजवळ नसतेच. चित्र स्वच्छ आले म्हणून शरीर स्वच्छ आहे असे नाही.

या चित्राचा चांगला वापर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला आहे. तिथे २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याचा रोग असलेल्या २२४ पुरुषांवर चाचणी झाली. प्रश्न असा की, किरण फक्त प्रोस्टेटला द्यायचे की ओटीपोटातल्या लसीका ग्रंथींनाही? सुमारे ८० टक्के रुग्णांची पी.एस.एम.ए. पेट करून रोग बाहेर दिसत नाही याची खात्री केलेली होती. पाच वर्षांनी, रक्तातील पी.एस.ए.च्या हिशोबाने रोग न उलटलेले लोक पहिल्या गटात ८१.२ टक्के आणि दुसऱ्यात ९५ टक्के निघाले. एकूण जगण्यात त्या काळात फरक दिसला नाही, हेही संशोधकांनी नमूद केले. आपल्या विषयासाठी यातून दोन गोष्टी मिळतात. या रुग्णांचा धोका ठरला तो बायोप्सी, पी.एस.ए. आणि चित्र अशा सगळ्यांच्या मिळून. आणि चित्रात ग्रंथी स्वच्छ दिसल्या तरी तिथे किरण दिल्याचा फायदा झाला, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रोग काहींच्यात असावा, असा तर्क निघतो. चित्राची मर्यादा चित्र वापरणाऱ्यांनीच दाखवून दिली. चांगले विज्ञान असेच चालते.

दुसरी पद्धत अजून प्रामुख्याने संशोधनात आहे. कार्बन-१३ असलेले पायरुव्हेट निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करून चुंबकीय दृष्ट्या असे ‘तयार’ करतात की त्याचा संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढतो. शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत तो विरतो. तेवढ्यात, पेशी पायरुव्हेटचे लॅक्टेट किती वेगाने करतात ते पाहायचे. कर्कपेशी हे जास्त करतात. सॅनफ्रान्सिस्कोत ३१ रुग्णांवर केलेला पहिला मानवी प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. येथे आकार किंवा दाटी न पाहता पेशीचे काम पाहिले जाते, म्हणून आशा मोठी आहे. तिच्या नावाने होणाऱ्या दाव्यांनाही वरचेच प्रश्न विचारायचे.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात ५७६ चौकटींचा तक्ता काढावा. २३० रंगवाव्यात. मग ‘बोट ठेवले’ आणि ‘ठेवले नाही’ अशा खुणा करून चार खणांत मोजाव्यात. दुसऱ्या दिवशी १,००० चौकटी घेऊन फक्त ५० रंगवाव्यात आणि तेच करावे. टक्केवारीच्या धड्यातून जे कळत नाही ते या दोन तक्त्यांतून कळते. वरच्या वर्गांत आरोग्यविषयक बातम्यांची कात्रणे आणून प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत : नेमके काय मोजले? कशाशी ताडून पाहिले? कोणत्या लोकांत? तीन्हींची उत्तरे बातमीत नसतील तर बातमी अपुरी आहे.

आणि कोणी कागद घेऊन आलाच, तर शिक्षकाने एवढे सांगावे : हा ‘चार’ शंकेचा आहे, निकालाचा नाही. नागपूरला परत जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा की हा डाग कोणी वाचला, सुई लागली तर ती डागावरच लागेल का, आणि आत्ता काही न करता नुसते लक्ष ठेवणे हा माझ्यासाठी पर्याय आहे का. लघवीत रक्त, हाडे दुखणे, लघवी अडणे असे काही असेल तर मात्र वाट पाहू नका. कोणताही उपचार सुचवणे किंवा थांबवणे हे आपले काम नाही. पण योग्य प्रश्न घेऊन माणूस दवाखान्यात गेला, तर यंत्राच्या चित्राचा खरा उपयोग त्याला होतो.